रविवार दुपारची दाद

विंडसर, ९ ऑक्टोबर २०१६

चि. ऊर्मी,

आशीर्वाद आहेतच, पण या वेळी त्यांच्या मागून दोन जड खोकी येत आहेत, म्हणून आधी हे पत्र. फोन करत नाही याचा राग मानू नकोस. नव्या कानयंत्रातून फोनवरचा माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो आणि मी उगाच हो हो करत राहतो. तुझ्या बापाला, म्हणजे सुधाकरलाही मी आता पुण्याला पत्रच लिहितो. तो उत्तर पाठवत नाही, पण तो लहानपणापासून तसाच आहे.

गेल्या आठवड्यात परीक्षित टोरोंटोहून आला होता. हे घर पुढच्या वसंतात विकायचं आणि त्याच्याच इमारतीत छोटा कॉन्डो घेऊन आम्ही दोघांनी तिकडे जायचं, असं त्यानं ठरवलं आहे. आम्ही 'बघू' म्हणालो. आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे नाही, पण कॅनडात जन्मलेल्या मुलाला ते कळत नाही. तो सरळ बेसमेंटमध्ये उतरला, माझ्या टेपा पाहिल्या आणि जुनंपानं सामान नेणाऱ्याची शनिवारची वेळ घेऊन मोकळा झाला. "बाबा, तुमच्याकडे हे वाजवायचं मशीन पण वर्किंग नाहीये. हू इज गोइंग टु लिसन टु धिस?" प्रश्न बरोबर होता, म्हणूनच जास्त लागला.

तर या त्रेसष्ट टेपा तुझ्याकडे पाठवतो आहे. तू व्हँकुव्हरला सिनेमाचे आवाज नीट करतेस, म्हणजे आपल्या कुळात हे समजणारी तू एकटीच. यात १९७० पासून १९९६ पर्यंतचं जॅझ आहे, आणि त्यात पियानो वाजवते ती डेलोरेस व्हिटफिल्ड. ती आमच्या मोटारींच्या कारखान्यात सीटांची शिलाई करायची आणि मी तपासणीला होतो. तिचे पूर्वज अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून, नदी ओलांडून इकडे कॅनडात आलेले. शिवताना ती कात्री आपटून पाच मात्रांचा ठेका धरायची. पुण्याला भाऊसाहेबांकडे मी सहा वर्षं तबला बडवला होता, त्यामुळे जाता जाता मी न राहवून समेवर टाळी दिली. तिनं मान वर करून पाहिलं आणि रविवारी दुपारी दोन वाजता युनियन हॉलच्या वरच्या मजल्यावर यायला सांगितलं. त्यानंतर सव्वीस वर्षं मी रविवारी दुसरं काही केलं नाही. तुझ्या काकूला विचार.

डेलोरेसची एकही रेकॉर्ड निघाली नाही. वर्तमानपत्रात दोनदा नाव आलं, त्यात एकदा चुकीचं. या टेपा गेल्या तर ती वाजवत होती याला पुरावा म्हणून माझं डोकं उरतं, आणि त्याची हमी मी आता देत नाही.

एकच विनंती आहे. सुरुवातीच्या टेपांवर एक माणूस मधे मधे 'वा', 'क्या बात है', 'जियो' असं ओरडतो. तो मीच. तेवढा मला काढून टाक.

तुझा,
विलासकाका

ता. क. ऊर्मी, मी काकू. टेपांच्या मधे चिवडा घातला आहे. हात पुसून मगच टेपांना लाव, नाहीतर मला बोलणी बसतील. – चित्रा


व्हँकुव्हर, २० नोव्हेंबर २०१६

ती. विलासकाका,

तुम्हाला नमस्कार, आणि काकूला वेगळा नमस्कार, कारण टेप अकरा आणि बाराच्या मधली चिवड्याची पुडी सुखरूप पोचली. टेपांपेक्षा तिची तब्येत चांगली होती.

तुमच्या सत्तरच्या दशकातल्या टेपा दमट हवेनं चिकट झाल्या आहेत. तशा लावल्या तर सालपटं निघतात. त्यावर एकच उपाय, मंद आचेवर शेकायच्या. मी फळं वाळवायचं यंत्र आणलं आणि चार चार टेपा आठ तास त्यात ठेवते आहे. माझ्या रूममेटला वाटलं मी आंबापोळी करते आहे. शेकलेली टेप थोडे दिवस नवी असल्यासारखी वाजते, तेवढ्यात ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. आतापर्यंत एकतीस झाल्या. एकही गेलेली नाही.

जॅझमधलं मला काही कळत नव्हतं. मी ते लिफ्टमध्ये ऐकलं होतं. खोक्यात टेपांसोबत आलेली तुमची नोंदवही नसती तर मी हरवलेच असते, आणि वहीमुळे वेगळीच हरवले. '१९७२, फेब्रुवारी. डेलोरेसबाई. विलंबित, पण मनातून द्रुत.' '१९७३, दसरा. ड्रमवाल्या रेजीनं ठाय लयीत रडवलं.' जगात जॅझची अशी नोंद दुसऱ्या कुणी ठेवली असेल असं मला वाटत नाही. पण काका, ती फेब्रुवारीची टेप मी तीनदा ऐकली. मनातून द्रुत म्हणजे काय ते तिसऱ्यांदा कळलं.

तुम्हाला काढायचं काम चालू आहे. मी रोज सिनेमातून ट्रक आणि विमानं काढते. तुम्ही ट्रकपेक्षा चिवट निघालात, कारण तुम्ही नेमके पियानोच्या स्वरावर येता. तरी बारा टेपा अशा साफ केल्या आहेत की तुम्ही तिथं होता हे कुणाला कळणारही नाही. मला शाबासकी हवी आहे.

एक विचारायचं होतं. जून १९७४ पासून माझं काम एकदम सोपं होतं. तिथून पुढे तुमचा आवाजच नाही, एकदाही नाही. कॅनडाचे मॅनर्स शिकलात वाटतं. गंमत म्हणजे तिथूनच त्यांचं वाजवणंही बदलतं. आधी ते सगळ्यांना ठाऊक असलेल्या गाण्यांवर वाजवायचे. मग सात मात्रा येतात, नंतर अकरा. '७७च्या एका टेपेत डेलोरेसबाई पट्ट्यांना हातच लावत नाहीत, नऊ मिनिटं पियानोच्या आतल्या तारा छेडतात. तेव्हा काय झालं होतं? आणि त्या कुठं असतात? त्यांना हे ऐकवायला हवं.

तुमची,
ऊर्मी


विंडसर, १२ डिसेंबर २०१६

चि. ऊर्मी,

शाबास. अगदी मनापासून शाबास. टेपा भाकरीसारख्या शेकतात हे मला ठाऊक असतं तर मी इथेच चित्राच्या ओव्हनमध्ये घातल्या असत्या आणि जाळल्या असत्या. म्हणजे तुझ्याकडे पाठवल्या हे शहाणपणच झालं.

वाजवणं का बदललं विचारतेस. अगं, बदलतच होतं सगळं. जॅझ मेलं ही बातमी मी या डोळ्यांनी चार वेळा वाचली आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. नदीपलीकडे डेट्रॉइटमधले क्लब एकामागून एक बंद पडत होते, तरुण पोरं गिटारीमागे लागली होती, आणि तिकडचे वादक हातात ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे भोंगे घेऊन नदीखालच्या बोगद्याच्या बसनं इकडे आमच्या हॉलमध्ये यायचे, कारण आमच्याकडे निदान पियानो होता आणि जिन्यात कुणी अडवत नव्हतं. मग विजेचे पियानो आले आणि जुन्या लोकांनी पुन्हा सुतक धरलं. डिस्कोच्या वर्षी तर हॉलमध्ये आम्ही अकरा जण असायचो, त्यातले दोघं बाहेर थंडी आहे म्हणून बसची वाट बघत आत बसलेले. डेलोरेस त्या दोघांसाठीही तितकंच वाजवायची. त्यातला एक पुढे सहा वर्षं येत राहिला.

नंतर पंच्याऐंशीच्या सुमाराला कोट-टाय घातलेली विशीची पोरं यायला लागली. त्यांना जुनंच हवं होतं, अगदी आजोबांच्या वेळचं. रेजी चिडायचा, म्हणायचा ही मुलं म्युझियमची तिकिटं फाडायला आली आहेत. डेलोरेसनं त्यांना तिच्या चर्चच्या खोलीत बसवून जुनं शिकवलं आणि मग म्हणाली, आता हे मोडून दाखवा. एकानं पुढे तिच्या पियानोचे चार ठोके उचलून रॅपच्या गाण्याखाली घातले. तिनं ते ऐकलं आणि पाचवा का घेतला नाहीस म्हणून त्याला रागावली. शहाण्णव साली हॉल विकला गेला, तेव्हा चौथ्यांदा बातमी आली. तोवर मी वाचणं सोडलं होतं.

मी गप्प का झालो याला काही कारण नाही. ऐकणाऱ्यानं ऐकावं, एवढंच. डेलोरेस शहाऐंशी वर्षांची आहे, नदीकाठच्या सीनियर्स होममध्ये असते. नाताळात मी करंज्या घेऊन जातो, आम्ही बर्फाविषयी बोलतो आणि मी परत येतो. तिला यातलं काही कळवू नकोस. हे मी गंभीरपणे सांगतो आहे.

तुझा,
विलासकाका

ता. क. ऊर्मी, पाकीट मी चिकटवते, त्यामुळे हे ते वाचणार नाहीत. कारण आहे. १९७४च्या मे महिन्यात टोरोंटोच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस टेपा ऐकायला आमच्याकडे आला होता. माझी साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली त्यानं. दोन टेपा ऐकून उठला आणि म्हणाला, हा माणूस सगळीकडे विव्हळतोय, याचं काही होणार नाही. तो पुन्हा आला नाही आणि रेकॉर्ड काही निघाली नाही. यांनी कुणालाही सांगितलं नाही. पुढच्या रविवारपासून माझ्याकडून अख्खी सुपारी मागून घ्यायचे आणि गालात धरून हॉलला जायचे, तोंड उघडू नये म्हणून. बावीस वर्षं. आपल्या ओरडण्यानं त्या बाईचं नशीब बुडालं असं यांच्या मनानं घेतलं आहे, आणि तिच्यासमोर बसले की करंजीचा डबा पुढे करतात. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण माणूस बेचाळीस वर्षं मनात कुढतो आहे हे कळतं. तुला योग्य वाटेल ते कर. – चित्रा


व्हँकुव्हर, २६ फेब्रुवारी २०१७

ती. विलासकाका,

आधी माफी मागते, मग बाकीचं. मी तुमचं ऐकलं नाही. साफ केलेल्या सहा टेपांची सीडी करून डेलोरेसबाईंना पाठवली आणि सोबत चार ओळी लिहिल्या की मी तुमची पुतणी, आवाजाचं काम करते, काकांनी स्वतःचा आवाज काढायला सांगितला होता तो काढला आहे. का, तेही मी त्यांना कळवलं. रेकॉर्ड कंपनीचा माणूस, खिचडी, सगळं. काकूवर रागावू नका. रागवायचंच असेल तर हे पत्र पूर्ण वाचून मग रागवा.

त्यांचं उत्तर आलं. त्यांनी सांगितलं आणि तिथल्या नर्सनं लिहून घेतलं. मी ते मराठीत करून खाली देते, कारण ते तुम्ही आपल्या भाषेत वाचावं असं मला वाटतं.

'प्रिय ऊर्मी, तुझी सीडी ऐकली. सगळं स्वच्छ आहे आणि मला ती अजिबात आवडली नाही. मी कुठं वाजवते आहे तेच मला कळेना. तिसऱ्या सोलोत मी एका जागी थांबले आहे, आणि तिथं काहीच नाही. मी काय वेडी होते म्हणून थांबले? मी मिस्टर टिपसाठी थांबले होते. टिपणीस हे नाव आमच्यापैकी कुणाला जमलं नाही, म्हणून तो मिस्टर टिप. तो तिसऱ्या रांगेत डाव्या हाताला बसायचा. मी चांगलं वाजवलं तर सगळे टाळ्या वाजवायचे, संपल्यावर. हा एकटा वाजवत असताना सांगायचा. कधी कधी तर मी अजून तिथं पोचायच्या आधी सांगायचा, आणि मग मला पोचावंच लागायचं. त्याला परत घाल.

'टोरोंटोच्या त्या माणसाचं म्हणशील, तर तो मला आदल्या गुरुवारी कारखान्याच्या गेटवर भेटला होता. त्याला विजेचा पियानो हवा होता आणि रेजीच्या जागी एखादा केसाळ पोरगा. रेजीशिवाय मी वाजवत नाही, म्हणून मी तिथंच नाही म्हणाले. मग हा माणूस मला न सांगता मिस्टर टिपच्या घरी टेपा मिळवायला गेला, हे मला आज कळतं आहे. तिथंही त्याला हवं ते मिळालं नाही म्हणून जाता जाता लाथ मारून गेला. त्या रेकॉर्डला नकार मी दिला होता. तो माझा नकार आहे, मला त्याचा अभिमान आहे, आणि मिस्टर टिपनं तो बेचाळीस वर्षं स्वतःच्या नावावर लावावा हे मला मान्य नाही.

'आता माझी बाजू ऐक. त्या उन्हाळ्यात तो अचानक गप्प झाला. पहिल्या रविवारी आम्हाला वाटलं घसा बसला असेल. महिना गेला. रेजी म्हणाला, आपण शिळे झालो, या माणसाला आपला कंटाळा आला. मी एकदा जाऊन विचारलं, तर त्याच्या तोंडात काहीतरी होतं आणि त्यानं नुसती मान हलवली. पण दर रविवारी तो यायचा. आवडत नसेल तर येतो कशाला? म्हणजे तो वाट बघतोय, असं आम्ही ठरवलं. मग आम्ही ठरवून त्याच्यामागे लागलो. त्याच्या देशात सात आणि अकरा मात्रांत वाजवतात असं रेजीला लायब्ररीत कळलं, ते बसवलं. विजेचा पियानोही आणून पाहिला. पियानोचं झाकण उघडून आत हात घातला. लोक म्हणायचे विंडसरची ही मंडळी काळाच्या पुढे आहेत. आम्ही काळाच्या पुढे वगैरे नव्हतो, आम्ही एका माणसाकडून एक शब्द काढायला बघत होतो. बावीस वर्षांत निघाला नाही. त्या शोधात आमचं वाजवणं कुठल्या कुठे गेलं, आणि ते चांगल्याच ठिकाणी गेलं, पण त्यासाठी मी त्याचे आभार मानणार नाही. त्याला म्हणावं, या नाताळात आलास तेव्हा आणलेला डबा परत न्यायला ये आणि रिकाम्या तोंडानं ये.'

काका, मी तुमचा आवाज फेकलेला नाही. प्रत्येक 'वा' वेगळा ठेवला आहे, जागेच्या खुणेसकट. तुम्ही हो म्हणा, मी सगळे परत बसवते.

तुमची,
ऊर्मी


विंडसर, १९ मार्च २०१७

ऊर्मी,

तुझं पत्र मी वाचलं आणि गराजमध्ये जाऊन बसलो. तीन तास बसलो. चित्रा दोनदा पाहून गेली. बेचाळीस वर्षं मी एका बाईच्या नशिबाचा खुनी म्हणून जगलो आणि ती समजत होती की मला तिचं वाजवणं आवडत नाही. दोघंही रविवार चुकवत नव्हतो. मूर्खपणाला वयाची अट नसते हे माहीत होतं, पण इतका टिकाऊ असतो हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डेलोरेसकडे गेलो. मी काही बोलायच्या आत तिनं मला तोंड उघडून दाखवायला सांगितलं. डॉक्टरला दाखवतात तसं मी दाखवलं. मग ती हसली आणि मला रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही. मी तिला वर्षावार सांगत गेलो. सातच्या ठेक्याचा तो पहिला रविवार, तेव्हा माझी सुपारी फुटली होती. तारा छेडल्या तो दिवस, तेव्हा मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की नख तुटलं. वहीतलं पान पान मी तिला इंग्रजीत सांगितलं. रेजी चार वर्षांपूर्वी गेला. त्याला मी हे सांगू शकलो नाही, एवढं आता कायमचं राहिलं. ती म्हणाली, "यू टेल मी हिज पार्ट टू. आय विल कॅरी इट." मग रेजीच्या वाट्याचंही सांगितलं. सगळं सांगेपर्यंत जेवणाची घंटा झाली.

सगळे 'वा' परत बसव. एकही कमी करू नकोस, माझा आवाज फाटलेला असला तरी.

परीक्षित परवा आला होता. तू पाठवलेल्या नमुन्यातला जुना तुकडा, ज्यातून मला अजून काढलेलं नाही, तो त्यानं फोनवर लावला. माझं वय तेव्हा एकतीस होतं. तो ऐकून म्हणाला, "बाबा, यू नेव्हर साउंडेड लाइक दॅट अ‍ॅट होम." खरं आहे. घरी मी ओरडलो तो त्याच्या गणितावर. त्याची क्षमा मागायची कशी ते मला सुचलं नाही, म्हणून त्याला शेजारी बसवून पूर्ण टेप ऐकवली. जाताना त्याला स्पष्ट सांगितलं की घर विकू, पण आम्ही टोरोंटोला येत नाही. 'बघू' म्हटलं नाही, 'नाही' म्हटलं.

तुझा,
विलासकाका


व्हँकुव्हर, ५ नोव्हेंबर २०१७

ती. विलासकाका, आणि शेजारी बसून वाचणाऱ्या काकूला,

सगळ्या त्रेसष्ट टेपा उतरल्या. शेवटची काल रात्री उतरली आणि मी घरात एकटीच नाचले.

आता ऐका. टोरोंटोच्या एका विद्यापीठात जॅझ शिकवणाऱ्या बाईंना मी '७५ ते '८० मधल्या पाच टेपा पाठवल्या होत्या. त्यांनी तिसऱ्याच दिवशी फोन केला आणि पहिला प्रश्न असा विचारला की हे लोक कोण, आणि आम्हाला कसे माहीत नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी अकरा मात्रांची ती मोठी रचना कानानं ऐकून कागदावर उतरवून काढली आहे. उतरवायला चार जणांना दोन महिने लागले. मुलं वीस-बावीस वर्षांची. त्यातली ड्रम वाजवणारी मुलगी अक्षरा, आईवडील नागपूरचे. तिनं मला मेसेज केला, "दीदी, धिस ड्रमर इज इन्सेन, हा कुठे शिकला?" मी सांगितलं, रविवारी शिकला.

माँट्रिअलची एक छोटी कंपनी दोन रेकॉर्डींचा संच काढते आहे. खरीखुरी काळी तबकडी, कव्हर, सगळं. त्यांच्या माणसानं आधीच्या काळातल्या तुकड्यांविषयी हळूच विचारलं की मधे ओरडणाऱ्या गृहस्थांना जरा कमी करता येईल का. मी डेलोरेसबाईंना कळवलं. त्यांनी त्याला एकाच ओळीचं पत्र पाठवलं की हा माझा जुना नकार अजून ताजा आहे, हवा असेल तर घ्या. त्यानं लगेच माघार घेतली. कव्हरवर वादकांची नावं छापली आहेत ती मी पाहिली. पियानो, डेलोरेस व्हिटफिल्ड. ड्रम, रेजी. आणि शेवटी, तिसरी रांग, विलास टिपणीस.

मे महिन्यात विंडसरला कार्यक्रम आहे. मुलं येणार, डेलोरेसबाई वाजवणार. त्यांनी वेळ एकाच अटीवर मान्य केली, रविवार आणि दुपारी दोन. माझं मात्र नेमकं त्याच आठवड्यात एका मोठ्या सिनेमाचं शेवटचं काम आहे, सुट्टी मिळत नाही. म्हणून तुम्हाला मला सगळं लिहून पाठवायचं आहे. अगदी सगळं.

तुमची,
ऊर्मी


विंडसर, ८ मे २०१८

चि. ऊर्मी,

सगळं लिही म्हणालीस, तर घे.

जुना युनियन हॉल आता जिम आहे, म्हणून चर्चच्या खालचं सभागृह घेतलं होतं. तीनशे खुर्च्या. दीड वाजताच भरल्या. डेट्रॉइटहून बोगद्याच्या बसनं पन्नासेक माणसं आली. डिस्कोच्या वर्षी थंडीसाठी आत बसलेला तो माणूसही आला, आता त्याला नातवंडं आहेत. परीक्षित टोरोंटोहून येऊन खुर्च्या लावत होता. आमचं मराठी मंडळ झाडून आलं. ज्यांनी मला सव्वीस वर्षं 'रविवारी चर्चच्या लोकांत जाणारा' म्हणून चिडवलं, ते पुढच्या रांगेत बसले होते.

आत जाताना माझ्या मनात जी भीती होती ती मी कुणालाही सांगितली नव्हती. ऊर्मी, मला आता वरचे सूर ऐकूच येत नाहीत. पियानोचा उजवा हात माझ्यासाठी जवळजवळ संपला आहे. तीनशे लोकांना ठाऊक होतं की तिसऱ्या रांगेतला हा म्हातारा 'वा' म्हणतो. आणि मी चुकीच्या जागी म्हटलं तर? समेआधी म्हटलं, किंवा नुसत्या खोकल्याला म्हटलं? पुन्हा एकदा माझ्याच तोंडानं तिचा दिवस नासला तर? मी गप्प बसायचं ठरवलं होतं. मला सुपारीसुद्धा आठवली, खोटं कशाला बोलू.

डेलोरेस अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दोन मुलांनी हात धरून आणली. बसली, आणि अकरा मात्रांची ती रचना सुरू झाली. ड्रम माझ्या छातीत येत होते. ती नागपूरची पोरगी अक्षरा रेजीचं वाजवत नव्हती, रेजीला उत्तर देत होती. ते मला ऐकू आलं. मग ड्रम थांबले आणि डेलोरेस एकटी उरली, आणि माझ्यासाठी सगळं शांत झालं. मी तिच्या खांद्याकडे बघत राहिलो. उजवा खांदा वर जायला लागला, जसा '७१ सालीही जायचा, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. वा. जोरात. पूर्ण सभागृहात तो एकच आवाज.

आणि मला कळलं की मी लवकर म्हटलं. किमान दोन मात्रा लवकर. तिचे हात अजून वाटेत होते.

डेलोरेसनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं मनात धरलेली जागा सोडली, दोन मात्रा तिथंच टाकून दिल्या आणि दोन्ही हातांनी सगळी रचना ओढून माझ्या 'वा'च्या शब्दावर आणून टेकवलं. अक्षरानं ते क्षणात ओळखलं आणि तिथंच झांजेवर ठोका दिला. भोंगेवाले आत आले. उतरवलेल्या कागदावर यातलं काही नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वीची ती रचना माझ्यादेखत नवी झाली, आणि चुकलेली सम बरोबर झाली. सभागृह उठून उभं राहिलं, वाजवणं चालू असतानाच. कुणी संपायची वाट पाहिली नाही.

त्यानंतर मी किती वेळा ओरडलो ते मोजलं नाही. चुकलो असेन तर ती सांभाळत गेली.

शेवटी मुलांनी तिला विचारलं की पुन्हा कधी. ती म्हणाली, "व्हॉट डे इज टुडे? देन नेक्स्ट संडे." सगळे हसले, पण ती हसत नव्हती. चर्चनं पियानो आणि खोली दर रविवारी दोन वाजता द्यायचं कबूल केलं आहे. अक्षरा आणि दोघं जण टोरोंटोहून पहाटेच्या गाडीनं येणार. विंडसरच्या शाळेतली चार मुलं नाव घालून गेली.

परीक्षितनं रात्री पुन्हा टोरोंटोचा विषय काढला, पण अर्ध्यातच स्वतःच थांबला. म्हणाला, "आय नो, आय नो. तुम्ही संडेला बिझी आहात."

तुझा,
विलासकाका

ता. क. ऊर्मी, इतकी वर्षं मी एकदाही गेले नव्हते. यांची ती जागा, आपलं तिथं काय काम, असं मी म्हणायचे आणि रविवारची धुणी काढायचे. परवा गेले. डेलोरेसनं कार्यक्रमानंतर माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, दर रविवारी तू याला आमच्याकडे सोडलंस, तुझं नाव कव्हरवर राहून गेलं. मी म्हटलं, राहू दे, मला गाण्यातलं कळत नाही. मग तिनं नुसत्या माझ्यासाठी पुन्हा बसून एक छोटंसं वाजवलं. ऊर्मी, त्यात एके ठिकाणी मी 'वा' म्हणाले. हे शेजारी गप्प होते. यांना ते वरचे सूर ऐकू आले नव्हते. – चित्रा